राजस्थानात उंटांच्या अख्ख्या कळपाला सर्रा (गोमाश्यांनी पसरणारा, रक्तातल्या परजीवीचा रोग) होऊ नये म्हणून टोचणं परवडतं का?

पैसा कमी असेल तर आधी गाभण सांडण्या (उंटिणी) टोचा. गर्भ तेरा महिन्यांचा, वेत साधारण दोन वर्षांनी. सर्रामुळे एक गर्भपात म्हणजे दोन वर्षांची कमाई बुडाली. त्यापुढे औषधाचा खर्च किरकोळच.

पावसाळ्यात गोमाश्या वाढायच्या आत क्विनापायरामीन सल्फेट-क्लोराइडचं मिश्रण टोचा. काही महिने संरक्षण मिळतं. मेलार्सोमीन (किलोला ०.२५ मिलिग्रॅम) फक्त बरं करतं, पुढचं राखत नाही.

खरी उधळपट्टी अर्ध्या डोसात आहे. वजन अंदाजाने कमी धरलं, एक कुपी दोघांत वाटली, की परजीवी उरतो आणि औषधाला सरावतो. गाईंचं डिमिनाझीन उंटाला देऊच नका, विषबाधा होते. टोचलेले आणि न टोचलेले एकत्र बसवू नका. माशी रक्ताळलेली सोंड घेऊन लगेच शेजारच्याला चावते.