ह्युंदाईची नवी आय-ट्वेंटी एन लाइन गाडी घेतलेल्या भावासाठी

मनापासून अभिनंदन भाऊ! सस्पेन्शन कडक वाटतंय म्हणालास, ते तसंच असतं. वळणावर त्याचंच सुख मिळतं.

९९८ सीसीच्या टर्बो इंजिनाचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १५०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. त्याखाली वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नकोस. पहिले हजार किलोमीटर जळगाव-धुळे हायवेवर एकाच वेगाने धरून चालू नकोस. जोरात पळवून आलास की लगेच बंद न करता मिनिटभर इंजिन चालू राहू दे, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा तापलेला पंखा, निवतो.

खरी काळजी टायरची. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांना टेकतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपास. भर दुपारी पंपावर तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून मी एकदा हवा काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारही टायर बसलेले, त्यात एरंडोलजवळ खड्डा आला आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर (साइडवॉलवर) लिंबाएवढा फुगा! टायर फेकावाच लागला, अजून हळहळ वाटते.

कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेव, ब्रेक तापवू नकोस. आणि पहाटेच जा रे, गर्दी व्हायच्या आत.