बंदूक दुरुस्तीला नेताना

प्रश्न : माझ्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची जुनी दुनळी बंदूक आहे. तिच्या डाव्या नळीचा घोडा (चाप दाबल्यावर पिनेवर आदळणारा भाग) मागे ओढला तरी तिथे टिकत नाही. दुरुस्तीसाठी ती शस्त्रविक्रेत्याकडे न्यायची असून थोडी काडतुसेही घ्यायची आहेत. वडिलांना प्रवास झेपत नाही आणि मी अशा दुकानाची पायरी कधी चढलेलो नाही. बंदूक मी नेऊ शकतो का? तिथे कसे वागावे?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मधील परंतुकानुसार, स्वतःचा परवाना नसलेली व्यक्ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर बंदूक दुरुस्तीसाठी नेऊ शकते. म्हणून वडिलांच्या सहीचे पत्र आणि मूळ परवाना सोबत असू द्यावा. दुकानदाराकडे दुरुस्तीचाही परवाना आहे का आणि काडतुसांच्या खरेदीसाठी वडिलांची उपस्थिती लागेल का, हे निघण्यापूर्वीच फोनवर विचारून घ्यावे.

घरी बंदूक उघडून, म्हणजे नळ्या खाली झुकवून, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार पाहाव्यात, मग ती आवरणात घालावी. दुकानात शिरल्यावर आवरणाची चेन ओढण्यापूर्वी ‘दुरुस्तीसाठी बंदूक आणली आहे’ असे सांगून, ती कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढायची ते विचारावे. बाहेर काढताना दस्त्याकडून काढावी, बोट चापाच्या कडीबाहेर ठेवावे आणि लगेच बंदूक उघडून तशीच उघडी हाती द्यावी. ‘रिकामी आहे’ हे वाक्य दुकानदार रोज ऐकतो. त्याच्या लेखी त्याला किंमत नसते, आणि नसावीही. नळ्या रिकाम्या असल्याचे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्याने पुन्हा तपासले तर तो अविश्वास समजू नये. त्याने दाखवायला दिलेली बंदूक आपणही तशीच तपासावी.

बिघाड करून दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. न टिकणारा घोडा बोटातून निसटतो, म्हणून बिघाड शब्दांतच सांगावा. रिकाम्या बंदुकीचा चाप विचारल्याशिवाय दाबू नये, कारण जुन्या बंदुकांच्या, काडतुसावर आघात करणाऱ्या पिना त्याने तुटू शकतात. नळ्या झटक्याने मिटणे, नेम धरून गिऱ्हाइकांवरून नळी फिरवणे हे प्रकार दुकानदाराला अजिबात खपत नाहीत. नळीत काडतूस अडकले असेल, तर अशी बंदूक दुकानात आणूच नये. आधी फोन करावा.

आपली बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची असती तर काम अधिक जिकिरीचे झाले असते, कारण ती मागून उघडून पाहता येत नाही. गज नळीत तळापर्यंत घालून तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज, खूण तोंडापाशी ठेवून, नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. खूण आणि नळीची खोली यांत बोटभर जरी फरक पडला, तरी आत भरणा आहे असेच धरून चालावे.

आता काडतुसे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असोत वा परदेशी, पेटीवरची लांबी वाचल्याशिवाय घेऊ नयेत. जुन्या बंदुकांत काडतुसाचे घर (नळीत मागच्या टोकाला काडतूस बसते तो भाग) पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूसही त्यात सहज बसते, कारण छापलेली लांबी उडाल्यावर तोंडाची घडी उलगडलेल्या काडतुसाची असते. उडताना ती घडी पुरती उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब वाढतो. त्यामुळे ‘बसले, म्हणजे चालेल’ हा समज धोक्याचा आहे. घराची लांबी दुकानदाराकडून मोजून घ्यावी. त्यासाठी दुकानात खरे काडतूस बंदुकीत घालून पाहू नये.

बंदूक ठेवून येताना तिचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि तो क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी तिथेच ताडून पाहावा.