बाळ दिवसभर आजीकडे असतं, मग आईचा लळा तुटेल का?
ताई, नोकरी गोकुळ शिरगावला, ७ महिन्यांचं बाळ दिवसभर शिवाजी पेठेत सासूबाईंकडे, आणि संध्याकाळी तुम्ही हात पुढे केले तरी ते आजीलाच बिलगतं, म्हणून तुमचा जीव टांगणीला लागलाय. लळा तुटत नाहीये, निश्चिंत राहा.

जन्मलेलं बाळ आईचा आवाज नि वास ओळखतं, पण पहिले काही महिने कुणीही मायेनं घेतलं तरी बहुधा शांत होतं. साधारण ६ ते ९ महिन्यांत ठरावीक माणसं 'आपली' होतात. मग ती नजरेआड झाली की रडणं, परक्याला बघून बिचकणं सुरू होतं. तुमचं बाळ नेमकं त्याच टप्प्यावर आहे.

हे नातं नुसत्या तासांवर किंवा दूध कोण पाजतं यावर ठरत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या ६० बाळांचा शाफर आणि इमर्सन या संशोधकांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाच्या रडण्या-हसण्याला जी माणसं लगेच नि नेमका प्रतिसाद द्यायची, त्यांचा लळा जास्त घट्ट होता. शिवाय दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागला होता. आपल्या एकत्र घरांत हे रोज दिसतंच की! आजीला मिळालेली माया तुमच्या वाट्यातून वजा होत नाही.

घरी आलात की अर्धा तास मोबाईल लांब ठेवा, जमेल तेव्हा रंकाळ्यावर फिरवून आणा. आणि सकाळी गुपचूप सटकू नका. 'येते हं सोन्या' म्हणून, टाटा करूनच निघा, रडलं तरी.