वाचक विचारतात: स्मृतिभ्रंश आणि घरातली रोजची काळजी

प्रश्न: सासरे 78 वर्षांचे आहेत. चार दिवसांपूर्वीपर्यंत घरखर्चाचा हिशेब स्वतः लिहीत होते. आता दिवसा गुंगीत असतात, रात्री उठून भलतंसलतं बोलतात, आम्हाला ओळखत नाहीत. डिमेन्शिया सुरू झाला का?

डिमेन्शिया चार दिवसांत येत नाही, त्याला महिने-वर्षं लागतात. ही लक्षणं डिलिरियमची, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाची, वाटतात. त्यामागे शरीरातला एखादा बिघाड असतो आणि तो बरेचदा बरा करता येतो, म्हणून त्यांना आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग (या वयात ताप येईलच असं नाही), पोटात पाणी कमी जाणं, रक्तातलं सोडियम घटणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, नवं औषध यांपैकी काहीही कारण असू शकतं. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्याही. गेल्या काही आठवड्यांत ते पडले असतील तर ते आवर्जून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. पडल्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसतं. तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर थेट रुग्णालय गाठा. झोपेची गोळी मात्र घरच्या घरी देऊ नका.

प्रश्न: आईला अल्झायमर आहे. अंघोळीचं नाव काढलं की ओरडते, हात उगारते. रोज भांडण होतं.

रोज अंघोळ झालीच पाहिजे, हा आग्रह आधी सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. बाकीच्या दिवशी चेहरा, काखा, जांघा आणि पाय कोमट ओल्या कपड्यानं पुसून घ्या.

तिच्या बाजूनं पाहा: समोर काय चाललंय ते उमगत नाही, थंडी वाजते, कुणीतरी कपडे काढतंय आणि डोक्यावर अचानक पाणी पडतंय. ती भांडत नाही, घाबरते.

म्हणून तयारी ती आत येण्यापूर्वी पूर्ण हवी. न्हाणीघर उबदार करून ठेवा. पाणी 37-38 अंशांचं घ्या, कोपर बुडवून तपासा. न घसरणारी चटई, पाठ असलेली, रबरी पायांची खुर्ची आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा; टॉवेलची दांडी वजन पेलत नाही. कपडे घालण्याच्या क्रमानं रचून ठेवा. ‘अंघोळ करायची का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं. ‘चल, पाय धुऊ’ म्हणा. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि दहा सेकंद थांबा. मोठा टॉवेल खांद्यांवरून पांघरा आणि त्याच्या आतूनच धुवा. पायांपासून सुरुवात करून वर या. तिच्या हातात एक ओला रुमाल द्या. हात गुंतले की ते उगारले जात नाहीत. केस वेगळ्या दिवशी धुवा. ती बिथरली तर तिथंच थांबा आणि वीस मिनिटांनी पुन्हा बघा. हात वर करताना कळवळत असेल तर खांदा दुखत असेल. अंघोळीआधी वेदनाशामक द्यावं का, हे डॉक्टरांना विचारा. पुसताना टाचा, माकडहाड आणि स्तनांखालची त्वचा लाल झालीय का, तेही पाहा.

‘शांत राहायची गोळी’ मागण्याची घाई करू नका. डिमेन्शियात अँटिसायकोटिक औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. इजा होण्याइतकी आक्रमकता असेल, तरच ती कमीत कमी मात्रेत आणि थोड्या काळापुरती दिली जातात.

प्रश्न: वडिलांना तीन महिने डोनेपेझिल (डिमेन्शियावरची गोळी) चालू आहे. विसरणं तसंच आहे. मध्येच कपड्यांत लघवी होऊ लागली म्हणून ऑक्सिब्युटिनिन दिलं. डोनेपेझिल बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका, पण या जोडीबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला. डोनेपेझिल ज्या ॲसिटिलकोलीनला (स्मरणासाठी लागणाऱ्या रसायनाला) शरीरात टिकवून धरतं, त्याचाच परिणाम ऑक्सिब्युटिनिन अडवतं. शिवाय लघवीची घाई हा डोनेपेझिलचाही दुष्परिणाम असू शकतो. म्हणजे एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीनं झाकला जातो आणि दुसरी गोंधळ वाढवते. लघवीचा त्रास केव्हा सुरू झाला आणि डोनेपेझिलची मात्रा केव्हा वाढली, या दोन तारखा लिहून न्या. नाडी 50 च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर थांबू नका, लगेच कळवा. वाईट स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी घेता येते का, तेही विचारा. गेलेली स्मरणशक्ती ही गोळी परत आणत नाही. घसरण काही काळ मंदावली, तरी तिचा उपयोग झाला असं समजतात.

प्रश्न: मी 50 वर्षांची आहे. शब्दकोडी सोडवून डिमेन्शिया टळतो का?

आवडत असतील तर सोडवा, पण भर दुसरीकडे द्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगे 14 धोके दिले आहेत. ते सगळे दूर झाले तर सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. तुमच्या वयात रक्तदाब, एलडीएल (वाईट) कोलेस्टेरॉल, साखर आणि ऐकू येणं तपासून घ्या. वरचा रक्तदाब 130 किंवा कमी ठेवा आणि आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. ऐकू कमी येत असेल तर यंत्र आताच लावा. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो, म्हणून बरेच जण ते काढून ठेवतात. सुरुवातीला दिवसाला एक-दोन तास वापरा आणि वेळ वाढवत न्या.