आईच्या डब्यांसाठी ॲप करायचं की पीडब्ल्यूए?

प्रश्न : मी इंदूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची आई भंवरकुआच्या कोचिंगमधल्या मुलांना डबे देते. तिच्यासाठी ॲप करावं म्हणतो. नेटिव्ह अँड्रॉइड (खास अँड्रॉइड फोनसाठीचं ॲप) शिकू की पीडब्ल्यूए (प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणजे लिंकवरून उघडणारी, ॲपसारखी चालणारी वेबसाइट)? मित्र म्हणतात, पीडब्ल्यूएला नोकरीत कोणी विचारत नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

उत्तर : आधी गिऱ्हाईक बघ. कोचिंगची मुलं आज या मेसला, उद्या त्या. त्यातलं कोण डब्यासाठी ॲप डाउनलोड करत बसणार? व्हॉट्सॲपवर लिंक टाकलीस की काम झालं. प्ले स्टोअरचे एकदाचे २५ डॉलर आणि ॲपलचे दरवर्षीचे ९९ डॉलरही वाचतील. तेव्हा पीडब्ल्यूएच कर.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं. त्या नावाने जागा क्वचितच निघतात. निघतात त्या फ्रंट-एंडच्या (वेबसाइटचा दिसणारा भाग करायच्या), त्यासाठीच्या रिॲक्ट या साधनाच्या. पण पीडब्ल्यूए मन लावून केलंस तर त्याच कामाचा पाया पक्का होतो. ‘उद्या डबा नको’ एवढं एकच बटण घे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ते दाब. निरोप हरवला की फोनमध्ये साठून नेट आल्यावर गेला? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बॅकग्राउंड सिंक हे करून देतं; आयफोनच्या सफारीत ते नाही, तिथे ॲप पुन्हा उघडल्यावर निरोप पाठवायची सोय तुलाच करावी लागेल. सर्व्हिस वर्करने (पीडब्ल्यूएच्या मागे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) जुना मेनू कॅशेमध्ये, म्हणजे फोनमधल्या साठ्यात, धरून ठेवला, तर बुधवारीही मंगळवारचीच भाजी दिसेल आणि बोलणी आईला बसतील! हे कसं सोडवलंस ते मुलाखतीत नीट सांगता आलं, तर सर्टिफिकेटांच्या चळतीपेक्षा जास्त कामाला येईल. (आयफोनवर नोटिफिकेशन हवं तर आयओएस १६.४ किंवा पुढचं लागतं आणि आधी होम स्क्रीनवर ॲप ठेवावं लागतं. मुलांना ते एकदा दाखवून दे.)

आता उद्या आई म्हणाली, डबेवाला कुठवर पोचला ते दिसू दे, तर स्क्रीन बंद असताना लोकेशन पाठवणं पीडब्ल्यूएला जमत नाही. तेवढं डबेवाल्याचं नेटिव्ह ॲप कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत कर. २०१९पासून गूगल अँड्रॉइडसाठी कोटलिनलाच पहिला मान देतं, त्यामुळे जावापासून सुरुवात नको. ८ जीबीत एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) रडवेल. आपलाच फोन यूएसबीने जोडून चालव. आणि क्लासची फी भरण्याआधी गूगलचा अँड्रॉइड बेसिक्स कोर्स बघ, तो फुकट आहे.