टाके उसवतील म्हणून माणसाला झोपवूनच ठेवायचं का?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेले साठी ओलांडलेले काका, काकू आणि त्यांचा मुलगा समुपदेशनाला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काकूंचा बेत पक्का होता. महिनाभर पलंगावरून उतरू द्यायचं नाही, आणि डाळ-भात बंद, कारण त्यानं म्हणे पू होतो. “टाकं उसवलं तर काय करायचं, मॅडम?” मुलाच्या फोनमध्ये वेगळाच साठा होता: हळदीच्या कॅप्सूल, ऑपरेशननंतर च्युइंगगम, कुणाच्या तरी मामांना लागू पडलेला काढा.

उपचार सर्जनच ठरवतात. मी त्यांना प्रत्येक सल्ल्याला एक प्रश्न विचारायला सांगितला: यानं नेमका कोणता त्रास टळतो, आणि हे न करणाऱ्या रुग्णांशी ताडून कुणी पाहिलंय का?

काकूंची भीती खोटी नाही, पण तिची दिशा चुकलीय. पोटाच्या भिंतीचे आतले टाके मजबूत, हळूहळू विरघळणाऱ्या धाग्याचे असतात. चालण्यानं ते सहसा सुटत नाहीत. जपायचं ते जड उचलण्यापासून. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. खरा धोका पडून राहण्यात आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990च्या दशकात आतड्याच्या रुग्णांना लवकर उठवायला, लवकर खाऊ घालायला सुरुवात केली. पुढे तुलनात्मक अभ्यासांत असे रुग्ण लवकर घरी गेले, गुंतागुंतही कमी झाली. डाळीनं पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात. आतड्याच्या ऑपरेशननंतर डाळ कधी सुरू करायची एवढंच डॉक्टरांना विचारायचं.

“मग गुठळी होऊ नये म्हणून देतात ती पोटावरची इंजेक्शनं? रक्त पातळ झालं तर जखमेतून वाहील ना?” मुलानं विचारलं. रक्तस्रावाचा थोडा धोका असतोच, पण कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका घरी गेल्यावरही राहतो, म्हणून बऱ्याच रुग्णांना ती चार आठवड्यांपर्यंत देतात. मनानं बंद करायची नाहीत. हळदीच्या कॅप्सूलबद्दल मात्र भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं, त्या कॅप्सूलनं रक्तस्राव वाढू शकतो. आमटीतल्या हळदीला कुणाची हरकत नाही.

च्युइंगगमची गंमत वेगळी. त्यावर खरंच अभ्यास झालेत. 2015च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ऐंशीहून जास्त अभ्यास आणि नऊ हजारांवर रुग्ण होते. ऑपरेशननंतर मंदावलेली आतड्यांची हालचाल थोडी लवकर सुरू होते असं दिसलं, पण बरेचसे अभ्यास छोटे आणि दर्जाने कच्चे. सर्जन हो म्हणाले तर चघळावं, भरवसा त्यावर ठेवू नये.

काका तोवर गप्प होते. मग म्हणाले, “बिडी आदल्या दिवशी सोडली तर चालंल का?” सगळ्या बैठकीतला हाच सगळ्यात कामाचा प्रश्न. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे सोडली, तर जखमेचा आणि छातीचा त्रास कमी होतो याला चांगला पुरावा आहे. काकांच्या हातात तीनच आठवडे होते, म्हणून त्याच दिवशी त्यांना व्यसनमुक्तीच्या ओपीडीत पाठवलं. मुलाला फोनवर लिहून घ्यायला सांगितलं: पोटरी सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर सकाळची वाट बघायची नाही.