क्लास लावण्याआधी विचारा: मुलीचा कोड कोण वाचणार?

प्रश्न: माझी मुलगी बार्शीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत, पण पहिल्याच मुलाखतीत कोडिंगच्या (प्रोग्राम लिहून दाखवण्याच्या) फेरीत ती बाहेर पडली. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक' (वेबसाइटचा दिसणारा आणि मागचा, दोन्ही भाग बनवायला शिकवणारा) कोर्स आणि नोकरीची हमी देतो. फी दीड लाख, हप्त्यांची सोय आहे. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. कर्ज काढावं का? आणि एआय आल्यावर प्रोग्रामर लागणार आहेत का? – एक वडील

उत्तर: नमस्कार. कर्जाच्या कागदावर आत्ता सही करू नका. क्लास वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण तुमच्या मुलीला नेमकं काय कमी पडतंय हे कळल्याशिवाय दीड लाख घालणं बरोबर नाही.

पत्रात तुम्ही लिहिलंय की तिचा कॉलेज प्रोजेक्ट 'लायब्ररी मॅनेजमेंट' होता आणि तो व्हिडिओ बघून पूर्ण केला. बहुतेक मुलांचं असंच होतं. व्हिडिओत शिकवणाऱ्याने अडचणी आधीच सोडवून ठेवलेल्या असतात. मुलं टाइप करतात, प्रोग्राम चालतो आणि आपल्याला येतंय असं वाटू लागतं. मुलाखतीत कोरा स्क्रीन समोर आला की हात थांबतात. आणखी एका कोर्सचे व्हिडिओ बघून हे सुटणार नाही.

तिला सराव हवा आहे, आणि तो तुमच्या दुकानात आहे. तुमची उधारीची वही तिच्याकडे द्या आणि म्हणा, हे कॉम्प्युटरवर करून दे, मी रोज वापरणार आहे. पहिल्याच आठवड्यात तिला कळेल की एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी आहेत. कुणी निम्मे पैसे आत्ता देतो, उरलेले सोयाबीन विकल्यावर. चुकीची नोंद पुसून चालत नाही, उलटी नोंद करावी लागते, नाहीतर उद्या हिशोबावरून भांडण. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये यातलं काहीच नसतं, कारण तो प्रोजेक्ट खरोखर वापरणारा कुणी नसतो.

मग पैशांचा घोळ येईल, आणि तो यायलाच हवा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ अधिक ०.२ करायला सांगा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही, म्हणून असं होतं. आता एखाद्याने पूर्ण उधारी फेडली तरी 'बाकी शून्य आहे का' या प्रश्नाला प्रोग्राम 'नाही' म्हणू शकतो. ती तास-दोन तास डोकं धरून बसेल, शोधेल आणि शेवटी रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, म्हणजे पूर्णांकात साठवायला शिकेल. मुलाखतीत तिने ही एक गोष्ट नीट समजावून सांगितली, तर समोरचा माणूस सावरून बसेल.

पहिल्या दिवसापासून तिने गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरावं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी ते बनवलं आणि आज बहुतेक कंपन्या तेच वापरतात. कोणता बदल कधी आणि का केला, याची सगळी नोंद त्यात राहते. इंग्रजीमुळे पाय अडखळत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत, तेही फुकट. पण धडा बघून झाला की लॅपटॉपवर स्वतः काहीतरी मोडून बघायचं, हा नियम घरात ठेवा.

एक गोष्ट मात्र घरी मिळणार नाही: तिचा कोड ओळीने वाचून 'हे असं का लिहिलंस?' असं विचारणारा जाणता माणूस. धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात आणि नवी मुलं खरी घडतात ती तिथेच. क्लासची पारख याच एका गोष्टीवर करा. मुलीला घेऊन एक दिवस पुण्याला जा, चालू वर्गात बसू द्या म्हणा. एखाद्या मुलाच्या कोडवर सरांनी लिहिलेले शेरे दाखवायला सांगा. एका सरांमागे किती मुलं आहेत ते विचारा. दुसऱ्याने लिहिलेला, बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करायला देता का, तेही विचारा, कारण नोकरीत पहिले कित्येक महिने हेच काम असतं. नोकरीच्या हमीच्या अटी लेखी घ्या: किती पगाराची नोकरी, कुठे, आणि नाही मिळाली तर पैसे परत कधी. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.

शेरे फुकट मिळण्याची एक जागा ओपन सोर्स प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांत आहे. तिथे कुणीही चूक शोधून दुरुस्ती पाठवू शकतं आणि अनुभवी लोक ती तपासतात. सुरुवात छोट्या दुरुस्तीने करावी. उत्तर यायला वेळ लागतो, दुरुस्ती नाकारलीही जाते, त्याने खचू देऊ नका. अशाच प्रकल्पांत काम करायला देणारा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात मार्गदर्शक मिळतो आणि मानधनही. २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, अठरा वर्षांवरचे नवखेही अर्ज करू शकतात.

एआयबद्दल तुमची काळजी रास्त आहे. व्हिडिओ बघून उतरवला जाणारा कोड आता यंत्र क्षणात लिहून देतं. पण ते उधारीचा हिशोब चुकीचा लिहून देतं तेव्हा ती चूक पकडणारं माणूस लागतंच, आणि ती नजर स्वतः चुकल्याशिवाय येत नाही. म्हणून पहिले काही महिने तिने आधी स्वतः लिहावं, मग एआयला विचारावं.

पदवी हातात आली की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत, म्हणजे नॅट्समध्ये, नाव नोंदवा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत वर्षभर प्रत्यक्ष काम करत शिकता येतं आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. ज्या कंपनीत ती जाईल तिथे प्रोग्रामिंगचंच काम देणार ना, हे आधी विचारून घ्या. विद्यावेतनासाठी तिच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं नसेल तर ते या आठवड्यातच काढून ठेवा.